जुळला की, मास्तर!

३ फेब्रुवारी, सोमवार
उघडली एकदाची लॅब. पाटी लावायला नवरा शिडीवर, मी शिडी धरून, आणि मास्तर रस्त्यापलीकडे उभे राहून "डावी बाजू अजून वर" म्हणून ओरडत होते. एवढं करूनही पाटी तिरकीच. नवरा म्हणाला, "असू दे गं, दातांची लॅब आहे, थोडं वाकडंतिकडं चालतं."

खाली छापखाना आहे. यंत्र सुरू झालं की आमची फरशी थरथरते. छापखानेवाला, आमच्या खोलीचा मालकही तोच, वर डोकावून म्हणाला, तुम्ही दात काढणार का? म्हटलं नाही हो, दात काढतात ते डॉक्टर. ते आमच्याकडे तोंडाचं माप पाठवतात, त्यावरून आम्ही नवे दात करून देतो. कवळ्या मी करते आणि दातांवर बसवायच्या कॅपा हे मास्तर करतात. "म्हणजे खोटे दात," तो म्हणाला. हो बाबा, खोटे.

ही डायरी कॅपांच्या पावडरीच्या कंपनीच्या सेल्समनने फुकट दिली. अठरा वर्षं दुसऱ्याच्या लॅबमध्ये मेणाच्या टेबलाशी कवळ्यांचे साचे करत बसले, तेव्हा कुणी साधं पेन दिलं नाही. मालकीण झाल्याबरोबर डायरी! खरं सांगायचं तर भीतीने सकाळी दोनदा उलटी झाली. घरी सांगितलं नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार
जुन्या मालकांचं बोलणं अजून टोचतंय. राजीनामा दिला तेव्हा म्हणाले, "सहा महिने तुझं टेबल रिकामं ठेवतो. त्यानंतर मात्र नाही." जणू मी जत्रेला निघालेय आणि पाय दुखले की परत येणार! मी म्हटलं, आजच बसवा कुणालातरी. मास्तरांना घेऊन जातेय हेही सांगून टाकलं. अख्ख्या लॅबमध्ये पोर्सिलेनच्या कॅपांना त्यांच्यासारखा हात कुणाचा नाही. मला वाटलं मालक आकाशपाताळ एक करतील. ते नुसते म्हणाले, "बरं. त्यांना सांभाळ."

इतक्या सहज? बहुतेक मनातून हादरले असावेत. दाखवलं नाही एवढंच.

१० फेब्रुवारी, सोमवार
पहिली कवळी केली ती सासूबाईंची. फुकट. त्यांनी ती घातली, आरशात पाहिलं आणि म्हणाल्या, "चावतेय." तासून दिली. "आता ढिली झाली." पुन्हा केली. शेवटी म्हणाल्या, "जुनीच बरी होती, पण ही दिसायला छान आहे, बाहेर जाताना घालीन." मला राग आला, मग हसू आलं, मग मोरीत जाऊन थोडी रडले. काय होतंय मला कळत नाही. दिवसातून चार वेळा मी जग जिंकते आणि पाच वेळा हरते.

२० फेब्रुवारी, गुरुवार
आली, आली, आली! चौकातल्या डॉक्टर मॅडमकडून एकदम सहा कॅपा. मोठा दवाखाना आहे, तीन खुर्च्यांचा. तिला काम आवडलं तर आजूबाजूचे चार डॉक्टर तिच्या शब्दावर येतील. म्हणजे सगळं आता हिच्यावरच आहे. हिने धरलं तर लॅब तरली, सोडलं तर मी परत तळघरात मेण वितळवायला.

मास्तर दिवसभर मान खाली घालून. जुन्या लॅबमध्ये ते वरच्या मजल्यावर बसायचे आणि आम्ही मेणवाले तळघरात, त्यामुळे त्यांचं काम मी कधी जवळून बघितलंच नव्हतं. ब्रशच्या टोकावर ओली पावडर घेऊन थर चढवतात, मग भट्टी, मग पुन्हा थर. दाढेवरच्या खाचा अशा काढतात की खरी दाढ लाजावी. त्यांनी पावडरीच्या सगळ्या बाटल्यांवर मोठ्ठे आकडे चिकटवलेत. शिस्तीचे आहेत.

आणि मन किती मोठं बघा. पस्तीस वर्षांचा अनुभव, पण कॅप भट्टीतून निघाली की रंगपट्टीतला नमुन्याचा दात तिच्याशेजारी धरून मला विचारतात, "बघ गं, जुळला का?" मला! मेणवालीला! मी म्हटलं, "जुळला की, मास्तर! तुमच्या हातचा न जुळून सांगतो कुणाला!" ते म्हणाले, "नीट बघितलंस?" "बघितलं हो." मग त्यांनी कॅप हळूच डबीत ठेवली.

२ मार्च, रविवार
मास्तरांना घरी जेवायला बोलावलं. बायको जाऊन सहा वर्षं झाली, एकटेच असतात. जेवले मोजकंच, साखर आहे म्हणून गोड नको म्हणाले. जाताना सासूबाईंना म्हणाले, "ही पांढरी शाल तुम्हाला शोभते." ते गेल्यावर सासूबाईंनी मला धरलं. "अगं, लिंबाच्या रंगाची शाल माझी. पांढरी कुठली?" म्हटलं, जाऊ द्या हो, पुरुषांना बायकांच्या कपड्यांतलं काय कळतं. नवरा म्हणाला, "मला कळतं. तुझा हा ड्रेस निळा आहे." तो हिरवा होता. हे बघा!

११ मार्च, मंगळवार
मॅडमकडून आणखी नऊ. शिवाय तिच्या ओळखीचा एक डॉक्टर आणि त्याच्या ओळखीचा अजून एक. तीन दवाखाने झाले! घरी येताना बसमध्ये उगाचच हसत होते, शेजारची बाई सरकून बसली. दुपारी सगळी यंत्रं बंद करून मी आणि मास्तरांनी नुसता चहा प्यायला. त्यांनी विचारलं, "तुला भीती नाही वाटत?" म्हटलं, तुम्ही आहात ना, मग कसली भीती? ते म्हणाले, "माझ्यावर एवढं टाकू नकोस गं." असं विनयाने बोलतात की जीव ओवाळून टाकावासा वाटतो.

२० मार्च, गुरुवार
दोन कॅपा परत आल्या. चिठ्ठीत "रंग बघा". दाढा आहेत, आत कोण बघायला जातंय! पण मास्तरांनी त्या कितीतरी वेळ हातात धरल्या. मला म्हणाले, "तुला काय वाटतं, पिवळ्याकडे गेल्यात का?" मी प्लास्टर कालवत होते. प्लास्टर हातात असलं की मान वळवायला सवड नसते, घट्ट होतं ते. म्हटलं, "थोड्याशा असतील." त्यांनी बदलून दिल्या.

२९ मार्च, शनिवार
पुन्हा तीन परत. या वेळी करड्या झाल्यात म्हणे. आधी पिवळ्या, आता करड्या. ह्या डॉक्टरांना तरी काय हवंय ते कळतं का? मला संशय ट्यूबलाइटचा आहे. आमच्याकडच्या दोन्ही बदलल्या. भिंतीला पोपटी रंग होता, त्याची छटा कामावर पडत असेल म्हणून नवऱ्याला रविवारी पांढरा रंग द्यायला लावणार आहे.

३१ मार्च, सोमवार
भिंत पांढरी झाली. नवऱ्याचे केसही. आता कुणाला बोलायला जागा नाही.

८ एप्रिल, मंगळवार
चार परत आल्या.  आज तर मी फोन उचलायच्या आधी जिन्यात जाऊन उभी राहिले, म्हणजे मास्तरांना माझा आवाज ऐकू यायला नको. "हो मॅडम. करून देतो मॅडम. पावडरीचा लॉट खराब निघाला मॅडम." किती खोटं बोलायला शिकले मी! दोन महिन्यांपूर्वी दात खोटे होते, आता बाईही.

मॅडम म्हणाली, "एकदा तुमच्या मास्तरांनाच दवाखान्यात पाठवा. पेशंटचा दात समोर बघून रंग घेऊ दे." मला पटलं. पण मास्तर साफ नाही म्हणाले. "मला माणसांत जमत नाही. तूच जा." किती भिडस्त असावं माणसाने! मी गेले. पेशंटच्या तोंडाशी पट्टी धरली. पट्टीवरचे सोळा दात, सगळे मला सारखेच. मॅडमसमोर अडाणी दिसायला नको म्हणून एक आकडा ठोकून दिला.

१७ एप्रिल, गुरुवार
आता कसोटीचं काम आलंय. मॅडमची पेशंट, चोवीस वर्षांची मुलगी, सायकलवरून पडून समोरचे दोन दात तुटले. पुढच्या महिन्यात तिची विमान कंपनीत मुलाखत आहे. समोरचे दात म्हणजे लपवायला जागा नाही, हसली की दिसणारच. मॅडम म्हणाली, "ताई, स्पष्ट सांगते. हे जुळले तर मी तुमच्याबरोबर आहे."

मास्तरांना सांगितलं तर त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, "हे बाहेरून करून घेऊ या का कुणाकडून?" मला धक्काच बसला. मी त्यांना अर्धा तास धीर दिला. म्हटलं, मास्तर, तुम्ही असं म्हणालात तर मी कुणाच्या तोंडाकडे बघू? अहो, तुमच्या नावावर मी नोकरी सोडून इथे उतरले. शेवटी त्यांनी ब्रश उचलला. माणसाला कधीकधी ढकलावं लागतं.

२२ एप्रिल, मंगळवार
दोन्ही दात तयार. आकार तर असा की त्या मुलीच्या आईलाही ओळखू येऊ नये. मास्तरांनी मला खिडकीशी बोलावलं. "बघ. घाई करू नकोस. मानेशी बघ, टोकाशी बघ, मग सांग." त्यांच्या हातातली पट्टी खडखडत होती. का छापखाना चालू होता? मी बघितलं. खरं तर मी दातांकडे बघितलंच नाही, मास्तरांकडे बघितलं. इतके केविलवाणे दिसत होते की मला वाटलं आता फक्त शाबासकी हवी आहे यांना. म्हटलं, "जुळले, मास्तर! शंभर टक्के!"

२४ एप्रिल, गुरुवार
परत.

३ मे, शनिवार
दुसऱ्यांदा परत. मुलगी दवाखान्यात रडली म्हणे. एक दात शेजाऱ्यापेक्षा गडद, दुसरा खडूसारखा.

 घरी भाजी करपली. नवरा काहीतरी विनोद करायला गेला आणि मी त्याच्यावर अशी खेकसले की सासूबाई खोलीतून बाहेर आल्या. त्या म्हणाल्या, "तुझे दात बघ कसे आवळतेयस. तुटले तर मास्तर करून देईल." त्यांना चेष्टा वाटली. मी ताटावरून उठले.

९ मे, शुक्रवार
झालं. मॅडम स्वतः आली जिना चढून. तिसऱ्यांदा केलेले दात तिने टेबलावर ठेवले आणि शांतपणे विचारलं, "तुमच्याकडे हे कोण बघतं?" मास्तर उठून उभे राहिले, काहीतरी बोलणार होते. मी त्यांना बोलूच दिलं नाही. म्हटलं, मॅडम, यांनी पस्तीस वर्षं दात केलेत, तुमचं वय नसेल तेवढं. तुमच्या दवाखान्यातले दिवे पिवळे आहेत, आधी ते बदला. तुमची ती मदतनीस पट्टी धुवून जागेवर ठेवत नाही, आकडे उलटसुलट होतात. अजून काय काय बोलले देव जाणे. तोंड सुटलं की मला आवरत नाही.

मॅडम म्हणाली, "ठीक आहे." आपलं बाकीचं कामही डब्यात भरून घेऊन गेली.

मास्तर म्हणाले, "तिच्यावर कशाला ओरडलीस? तिचं बरोबर होतं." मी म्हटलं, तुम्ही फार चांगले आहात, म्हणून जग तुम्हाला खातं. आणि मग दोघंही आपापल्या टेबलाशी बसलो, हातात काम नसताना.

१४ मे, बुधवार
उरलेल्या दोघा डॉक्टरांचं काम बंद. न भांडता, न सांगता. फोन केला की "सध्या काही नाही". मी सकाळी जाते, कुलूप उघडते, टेबलं पुसते. मला वाटतंय आपण बुडालो. असं लिहिल्यावर जरा मोकळं वाटेल असं वाटलं होतं, वाटलं नाही.

१५ मे, गुरुवार
हे सगळं नीट लिहिते.

जुन्या मालकांकडे गेले होते. मनात होतं की पावडरीचा वेगळा लॉट मागावा, त्यांच्याकडून थोडं जादाचं काम मिळतंय का बघावं. नाक मुठीत धरून गेले. त्यांनी चहा दिला. मी पावडर, दिवे, भिंत, डॉक्टर सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "रंगाला कोण बसतं तुझ्याकडे?"

म्हटलं, मास्तर. अजून कोण?

त्यांनी कप खाली ठेवला. "अगं, मास्तरांना मी दोन वर्षं रंगाला बसवलंच नव्हतं. साखरेने त्यांच्या डोळ्यांचा पडदा गेलाय. आकार दिसतो, पण फिके रंग एकमेकांत मिसळतात. शेजारी एक मुलगी बसवली होती, ती रंग सांगायची, ते लावायचे. त्यांच्या हातासारखा हात नाही, म्हणून ठेवलं होतं. तुला माहीत नव्हतं? मला वाटलं तू सगळं माहीत असून घेऊन गेलीस. मनात म्हटलं, बाई धीराची आहे."

 काय बोलले आठवत नाही. ते म्हणाले, टेबल अजून रिकामं आहे. मी तिथेच हो म्हटलं. दोन जूनपासून.

परत आले. मास्तर दाढेच्या साच्याला उगाच कानस मारत होते. मी सरळ विचारायला हवं होतं. नाही विचारलं. मी जे केलं ते लिहायला लाज वाटते. पट्टीतला सगळ्यात गडद नमुना काढला, एका पांढऱ्या कॅपशेजारी धरला आणि म्हटलं, "मास्तर, बघा बरं, जुळला का?"

ते खिडकीशी गेले. कॅप फिरवली, नमुना फिरवला. किती वेळ! खाली छापखाना बंद होता. मग म्हणाले, "जुळला."

"नाही जुळला," मी म्हटलं. "आंधळ्यालाही कळेल एवढा नाही जुळला."

असं बोलले मी. त्या माणसाला.

त्यांनी दोन्ही दात टेबलावर ठेवले, ॲप्रन काढला, घडी केली आणि खुंटीऐवजी खुर्चीवर ठेवला. जिना उतरताना प्रत्येक पायरीवर थांबत होते.

१६ मे, शुक्रवार
छापखानेवाल्याला सांगून टाकलं, महिनाअखेरीस खोली सोडतेय. भट्टी विकायला काढली. रागात माणूस किती झपाट्याने कामं करतो! जमवायला दीड वर्ष लागलं होतं, मोडायला एक सकाळ.

नवऱ्याने विचारलं, "मास्तरांशी बोललीस?" म्हटलं, बोलण्यासारखं काय आहे? फसवलं त्यांनी मला. तो म्हणाला, "बरं." मग थोड्या वेळाने, "पण अगं, ते तुला विचारायचे ना दर वेळी? तूच सांगायचीस घरी, कौतुकाने." मी त्याला म्हटलं, तू गप्प बस.

२० मे, मंगळवार
झोप नाही, भूक नाही. त्या सगळ्या कॅपा आठवतायत. "बघ गं." "नीट बघितलंस?" "पिवळ्याकडे गेल्यात का?" "घाई करू नकोस." मी म्हटलं पिवळ्या, तर त्यांनी पिवळेपणा काढला आणि त्या करड्या झाल्या. मी ठोकून दिलेला आकडा त्यांनी तसाच लावला. म्हणजे त्या लॅबमध्ये रंगाला मी बसले होते. आणि मी बघत नव्हते.

२६ मे, सोमवार
भट्टीला गिऱ्हाईक मिळालं. लांबच्या गावचा लॅबवाला, शनिवारी येतो म्हणाला. पण अट अशी की त्याच्यासमोर एक दात भाजून दाखवायचा, समोरचा दात, म्हणजे तापमान बरोबर आहे का ते कळेल. मला पोर्सिलेन येत नाही. मास्तरांना फोन करावा लागला. आधी माफी मागावी असं ठरवलं होतं. फोन लागल्यावर नुसतं काम सांगितलं. "येतो," ते म्हणाले.

३१ मे, शनिवार
मास्तर वेळेवर आले. तोच ॲप्रन घातला. गिऱ्हाईक टेबलाशी हाताची घडी घालून उभा. त्याने पट्टीतला एक नमुना निवडला, मुद्दाम अवघड, मानेशी पिवळसर आणि टोकाशी निळसर झाक असलेला. मास्तरांनी थर चढवले, भाजला. मग नेहमीसारखं हात पुढे करून म्हणाले, "बघ गं, जुळला का?"

मी दात घेऊन खिडकीशी गेले. छापखाना चालू होता म्हणून कोपर चौकटीवर टेकवलं. दहा मिनिटं बघितलं असेल. आधी सगळं सारखंच दिसत होतं. मग हळूहळू दिसायला लागलं. म्हटलं, "नाही जुळला, मास्तर. मानेशी थोडा पिवळा कमी आहे. आणि टोक जरा जास्तच पांढरं झालंय." 

ते खाली बसले. आकडा बघून बाटली उचलली, ब्रशने इतकंसं लावलं, पुन्हा भाजला. मी पुन्हा बघितलं. "अजून किंचित." पुन्हा भाजला.

तिसऱ्यांदा मी नमुना आणि दात शेजारी धरले आणि कुठला कुठला ते मला सांगता येईना. गिऱ्हाइकाने भिंग लावलं, उलटसुलट करून पाहिलं. म्हणाला, "एवढं काम करता आणि भट्टी विकता?"

 तो हमाल बघायला खाली गेला.

मग मी विचारलं. "आधीच का नाही सांगितलंत, मास्तर?"

"सांगितलं असतं तर नोकरी सोडून आली असतीस?"

खोटं बोलायची सवय लागलीय मला, पण हे जमलं नाही. "नसते आले."

"म्हणून नाही सांगितलं." ते ब्रश धूत होते, एकेक पाण्यात बुडवून, बोटांनी टोक काढून. "चुकलं माझं. पण मी रोज विचारत होतो ना गं."

मी म्हटलं, मास्तर, परत सुरू करू या. ते म्हणाले, कशावर? भट्टी बांधली जात होती. खोली उद्या दुसऱ्याची. मॅडमला मी काय काय बोलले होते ते त्यांनीही ऐकलं होतं. मी म्हटलं, मग माझ्याबरोबर जुन्या लॅबमध्ये चला, मी मालकांशी बोलते. ते म्हणाले, "माझ्या जागेवर ती मुलगी बसते आता. तिला शिकवलंय मी. चांगली आहे."

गिऱ्हाईक दात नमुना म्हणून बरोबर घेऊन गेला. मास्तरांना मी हात धरून जिना उतरवला. पहिल्यांदाच. कोपऱ्यापर्यंत सोडते म्हटलं, तर नको म्हणाले, रस्ता ओळखीचा आहे. माफी मागायची राहिलीच.

सोमवारपासून तळघर. सव्वानऊला पोचायचं आहे.